क्रमवारी, समाप्ती आणि मूल्य : विज्ञानकथेतील मालिका-विश्वांच्या निमित्ताने

१

संस्कृत रसिकांमध्ये कविगणनेविषयीचे एक सुभाषित प्रसिद्ध आहे. बोटांवर कवी मोजू लागताच करंगळी कालिदासाला गेली. त्याच्या बरोबरीचा दुसरा कोणी न आढळल्याने शेजारचे बोट नावावाचून राहिले आणि ‘अनामिका’ ही त्याची संज्ञा सार्थ झाली, असा त्याचा आशय आहे. सुभाषितातील अतिशयोक्ती बाजूला ठेवली तरी त्यातील एक गोष्ट विचारार्ह उरते. ही क्रमवारी दुसरे स्थान रिकामे ठेवू शकते. पात्र कवी नसेल तर जागा भरण्याची सक्ती ती स्वतःवर लादून घेत नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उत्तम, मध्यम आणि अवर अशा काव्याच्या तीन कोटी कल्पिल्या, तेव्हा त्याने कवींचा क्रम लावला नाही, व्यंग्यार्थाचे प्राधान्य हा निकष आधी सांगितला आणि त्या निकषानुसार काव्यप्रकारांचा उच्चनीचभाव ठरविला. दोन्ही ठिकाणी काय मोजले जात आहे, याविषयी संदेह नाही. एकीकडे कवी मोजला जातो, दुसरीकडे काव्याचे स्वरूप.

गेल्या काही दशकांत विज्ञानकथेच्या आणि एकूणच लोकप्रिय मनोरंजनाच्या क्षेत्रात क्रमवारीचा एक निराळा प्रकार रूढ झाला आहे. ‘स्टार वॉर्स’, ‘स्टार ट्रेक’, ‘डॉक्टर हू’, ‘फाउंडेशन’ यांसारख्या आवडत्या कथाविश्वांना पहिल्यापासून दहाव्यापर्यंत क्रमांक दिले जातात. व्यवहारात अशा कथाविश्वाला ‘फ्रँचायझी’ म्हटले जाते. एखादे दुकान चालविण्याचा परवाना आणि एखादी कथा पुढे चालविण्याचा अधिकार यांना एकच शब्द लागू पडावा, ही बाब पुरेशी सूचक आहे. नियतकालिके असे कौल घेतात, चाहते त्यावर हिरिरीने वाद घालतात. समीक्षेने मात्र या व्यवहाराकडे सामान्यतः दुर्लक्षच केले आहे.

या दुर्लक्षाला सैद्धांतिक आधार नाही असे नाही. आवडणे आणि सुंदर म्हणणे यांत कांटने केलेला भेद सर्वपरिचित आहे, रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कांटच्या विचाराची सविस्तर चर्चा केल्यापासून मराठी समीक्षेच्या अभ्यासकाला तो नव्याने सांगण्याची गरज उरलेली नाही. मला अमुक आवडते, या विधानाला दुसऱ्याच्या संमतीची अपेक्षा नसते. अमुक सुंदर आहे, या विधानाला ती असते. नॉरथ्रप फ्राय यांनी ‘अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम’च्या (१९५७) प्रास्ताविकात याच्याही पुढे जाऊन कवींच्या प्रतिष्ठेची चढउतार करणाऱ्या चर्चेला एका काल्पनिक शेअरबाजाची उपमा दिली आणि अशा चर्चेला समीक्षाशास्त्रात स्थान नाकारले. या भूमिकेनुसार आवडत्या मालिकांची यादी ही समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरची गोष्ट ठरते.

परंतु हा निकाल फार लवकर दिला गेला, असे वाटते. क्रमवारी लावणारा वाचक केवळ ‘मला आवडते’ एवढेच म्हणत नाही. तो ‘हे त्याहून वरचे’ असे म्हणतो आणि त्यासाठी कारणे देतो. म्हणजे तो आवडीच्या भूमीवर उभा राहून मूल्यनिर्णयाची भाषा बोलत असतो. तेव्हा क्रमवारी करावी की न करावी, हा येथील मुख्य प्रश्न नव्हे. क्रम नेमका कशाचा लावला जातो, हा प्रश्न आधी सोडवावयास हवा.

२

या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणारा एक ऐतिहासिक प्रसंग उपलब्ध आहे. सप्टेंबर १९६६मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ‘सर्वकालीन सर्वोत्कृष्ट मालिका’ असा एक खास ह्यूगो पुरस्कार ठेवण्यात आला होता. अंतिम यादीत पाच नावे होती : एडगर राइस बरोज यांची ‘बारसूम’, ई. ई. स्मिथ यांची ‘लेन्समन’, रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘फ्यूचर हिस्टरी’, जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’. पुरस्कार ‘फाउंडेशन’ला मिळाला. टॉल्किनच विजयी होणार असे स्वतः असिमोव्ह यांना वाटत होते.

या निकालाचे औचित्य हा येथे चर्चेचा विषय नाही. पाहावयाचे आहे ते हे, की त्या यादीत एकाच जातीच्या पाच वस्तू नव्हत्या. ‘बारसूम’ ही १९१२पासून वाढत गेलेली साहसकथांची माळ होती. एक मणी काढला तरी माळ तुटत नाही, असे तिचे स्वरूप. हाइनलाइन यांच्या कथा मुळात स्वतंत्र होत्या. १९४१मध्ये ‘अस्टाउंडिंग’ नियतकालिकात छापलेल्या एका कालपटाने त्यांना एका भावी इतिहासात बसविले. तेथे मालिका कथांत नसून तक्त्यात होती, असेच म्हणावे लागेल. स्मिथ यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेली ‘ट्रायप्लॅनेटरी’ पुढे १९४८च्या ग्रंथरूपात फेरफार करून ‘लेन्समन’च्या आरंभी जोडून दिली, म्हणजे तेथे मालिकेचा आरंभच नंतर निर्माण झाला. ‘फाउंडेशन’चे तीन ग्रंथ (१९५१ ते १९५३) हे १९४२ ते १९५० या काळात सुट्या स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या कथांचे संकलन होते. आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तर मालिकाच नव्हती. टॉल्किन तिला एकच कादंबरी मानीत. १९५४-५५मध्ये ती तीन खंडांत निघाली ती प्रकाशनाच्या व्यावहारिक अडचणींमुळे.

पाच नोंदी आणि ‘मालिका म्हणजे काय’ या प्रश्नाची पाच उत्तरे, असा हा प्रकार होता. क्रम लावताच हा भेद पुसला जातो. यादीतील प्रत्येक नाव शेजारच्या नावाशी तुल्य असल्याचा आभास यादीच्या रचनेतूनच उत्पन्न होतो. मम्मटाच्या कोटिक्रमात निकष आधी येतो आणि उदाहरणे मागून; येथे नावे आधी येतात आणि निकष गृहीत धरला जातो. फ्राय यांच्या आक्षेपातील खरे मर्म येथे शोधावयास हवे. क्रमवारी व्यक्तिनिष्ठ असते हा तिचा मोठा दोष नव्हे. आपला विषय कोणता हे ती सांगत नाही, हा तिचा दोष आहे.

त्याच संमेलनात आणखी एक घटना घडली. दूरचित्रवाणीवर अद्याप न आलेल्या ‘स्टार ट्रेक’चे नमुनाभाग जीन रॉडनबेरी यांनी तेथे जमलेल्या रसिकांना दाखविले. त्यानंतर काही दिवसांतच, ८ सप्टेंबर १९६६ रोजी, तिचे प्रक्षेपण सुरू झाले. लेखकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकांचा गौरव आणि अनेक लेखक, दिग्दर्शक व निर्मात्यांच्या हातून जाणाऱ्या, मालकी संस्थेकडे असलेल्या मालिकेचा उदय हे एकाच छताखाली घडावे, हा योगायोग खरा. परंतु पुढील अर्धशतकात क्रमवारीचा विषय कसा बदलत गेला, याचा आरंभबिंदू म्हणून त्याकडे पाहता येते.

३

१९६६मध्ये ज्या ‘फाउंडेशन’चा गौरव झाला, ती थांबलेली होती. सेल्डनच्या योजनेची हजार वर्षे पुरी झालेली नव्हती. तिसऱ्या ग्रंथाच्या अखेरीस निम्मा काळही सरलेला नाही. तरीही त्या अपुरेपणाला एक अर्थ होता. इतिहासाचे नियम व्यक्तीपेक्षा मोठे आहेत या कल्पनेला, वाचकाला इतिहासाच्या मध्यावर सोडून देणारा शेवट शोभणाराच होता. १९८२मध्ये, जवळजवळ तीस वर्षांनी, असिमोव्ह यांनी प्रकाशकाच्या आग्रहावरून ‘फाउंडेशन्स एज’ लिहिली. तिला मोठा वाचकवर्ग आणि १९८३चा ह्यूगो पुरस्कारही लाभला. पुढे ‘रोबॉट्स अँड एम्पायर’ने (१९८५) यंत्रमानवांच्या कथा या विश्वाला जोडून दिल्या, ‘फाउंडेशन अँड अर्थ’ (१९८६) आणि दोन पूर्वकथा (१९८८, १९९३) आल्या. असिमोव्ह १९९२मध्ये निवर्तल्यावर ग्रेगरी बेन्फर्ड, ग्रेग बेअर आणि डेव्हिड ब्रिन यांनी आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. २०२१मध्ये दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली.

या विस्तारात केवळ पृष्ठसंख्या वाढली नाही. ‘फाउंडेशन्स एज’च्या अखेरीस सेल्डनच्या दुसऱ्या साम्राज्याऐवजी एका सामूहिक जाणिवेच्या विश्वाची निवड केली जाते. म्हणजे मूळ त्रयीचा जो वैचारिक कणा, सांख्यिकी नियमांनी जाणता येणारा मानवी इतिहास, तोच बाजूला सारला जातो. आज एखादा वाचक ‘फाउंडेशन’ला पहिला क्रमांक देतो, तेव्हा तो कोणत्या ‘फाउंडेशन’ला देतो? परस्परांशी विसंवादी असलेल्या दोन इतिहासदृष्टी एकाच नावाखाली, एकाच क्रमांकावर बसलेल्या असतात.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मालिकांची क्रमवारी न संपण्याला बक्षीस देते. ह्यूगो पुरस्कारांत २०१७मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि त्यानंतर कायमस्वरूपी ‘सर्वोत्कृष्ट मालिका’ हा विभाग सुरू झाला. त्याचे नियम बोलके आहेत. मालिकेचे किमान तीन भाग असावेत, एकूण शब्दसंख्या किमान २,४०,००० असावी आणि संबंधित वर्षी नवा भाग प्रसिद्ध झालेला असावा. मालिका पूर्ण झालेली असण्याची अट नाही. पुरस्काराची व्यवस्था लावणाऱ्यांना काही मर्यादा आखाव्याच लागतात, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते, की येथे विस्तार ही प्रवेशाची अट आहे आणि जी मालिका संपून गेली, तिच्यासाठी दार बंद आहे.

या दाराबाहेर काय राहते, याचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ (१९६१) घ्यावी. त्या ग्रहावरील महासागराला जाणीव आहे की नाही, असल्यास तिचा माणसाशी काही संबंध आहे की नाही, हे कादंबरी सांगत नाही. न सांगणे हाच तिचा आशय आहे. तिचा दुसरा भाग संभवत नाही, कारण दुसरा भाग म्हणजे उत्तर आणि उत्तर म्हणजे त्या कादंबरीचा नाश. आंद्रेइ तारकोव्हस्की (१९७२) आणि स्टीव्हन सोडरबर्ग (२००२) यांनी तिच्यावर चित्रपट केले ते पुनर्कथन म्हणून, विस्तार म्हणून नव्हे. पुनर्कथन आणि विस्तार यांतील हा भेद भारतीय वाचकाला परका नाही. रामकथा शतकानुशतके पुनःपुन्हा सांगितली गेली. प्रत्येक कवीने तीच कथा पुन्हा आपलीशी केली. तेथे सांगणाऱ्याने परवाना घ्यावा अशी व्यवस्था नव्हती.

फ्रँचायझीच्या व्यवस्थेत परवाना केंद्रस्थानी येतो. २०१२मध्ये लुकासफिल्म ही संस्था सुमारे चार अब्ज डॉलरला डिस्नेला विकली गेली. एप्रिल २०१४मध्ये नव्या मालकांच्या वतीने जाहीर झाले, की तोवर परवान्याने प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार वॉर्स’च्या कादंबऱ्या व चित्रकथा यापुढे ‘लेजंड्स’ म्हणजे दंतकथा समजल्या जातील. अधिकृत कथाविश्वात त्यांना स्थान नसेल. मूळ धर्मशास्त्रातील प्रमाणग्रंथांची संकल्पना येथे मालकी हक्काच्या कक्षेत आली. वर्षानुवर्षे ज्या कथा वाचकांनी या विश्वाचा भाग म्हणून वाचल्या, त्या एका निवेदनाने त्या विश्वाबाहेर गेल्या. फ्राय यांचा शेअरबाजार काल्पनिक होता. येथे तो अक्षरशः खरा आहे. वाचकाची क्रमवारी त्या बाजारात एखाद्या नावाची पत वाढविणारी नोंद ठरते, मग क्रम लावणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

४

तथापि, यावरून मालिका हा कलादृष्ट्या हीन प्रकार आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उंबर्तो इको यांनी १९८०च्या दशकात मालिकात्मकतेचा विचार करताना पुनरावृत्ती आणि नावीन्य यांचे द्वंद्व उलगडून दाखविले आणि पुनरावृत्तीला कमअस्सल मानणारी आधुनिकतावादी दृष्टी ही कलेच्या इतिहासातील एक दृष्टी आहे, एकमेव नव्हे, याची आठवण करून दिली. मालिकेला स्वतःची अशी एक शक्ती आहे : तिचा नंतरचा भाग आधीच्या भागाचा अर्थ बदलू शकतो. एकसंध कलाकृतीत ही शक्ती पहिल्या व अखेरच्या प्रकरणांदरम्यान काम करते. मालिकेत ती दोन भागांमधील वर्षांवर काम करते आणि त्या वर्षांत वाचकही बदललेला असतो.

‘स्टार वॉर्स’च्या १९७७मधील पहिल्या चित्रपटात ल्यूकला सांगितले जाते, की त्याच्या पित्याला डार्थ व्हेडरने दगा देऊन मारले. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (१९८०) व्हेडर हाच त्याचा पिता असल्याचे उघड होते. १९७८मध्ये ली ब्रॅकेट यांनी लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात हे नाते नव्हते. ते नंतर सुचले. परंतु सुचल्याबरोबर त्याने पहिल्या चित्रपटातील ज्येष्ठाचे कथन अर्धसत्य ठरविले आणि सरळ परीकथेत नैतिक गुंतागुंत आणली. येथे विस्ताराने अर्थ वाढला. याउलट ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये (२०१९) सम्राट पॅल्पटीन जिवंत असल्याचे दाखविले जाते, तेव्हा १९८३च्या चित्रपटातील व्हेडरचे आत्मसमर्पण पूर्वलक्ष्यी प्रभावाने उणे होते. येथे कथानक वाढले आणि अर्थ घटला.

‘स्टार ट्रेक’मधील उदाहरण अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. ‘स्पेस सीड’ या १९६७मधील भागात कर्क खान नावाच्या बंडखोराला एका निर्जन ग्रहावर सोडून देतो. भाग संपतो तेव्हा ही उदारता वाटते. ‘द राथ ऑफ खान’मध्ये (१९८२) कळते, की त्या ग्रहावर आपत्ती कोसळली आणि पुन्हा कोणी तिकडे फिरकले नाही. मूळ भागाची सुखद समाप्ती निष्काळजीपणाचा पुरावा बनते आणि तिची किंमत म्हणून स्पॉकचा मृत्यू होतो. दोन वर्षांनी आलेल्या ‘द सर्च फॉर स्पॉक’ने तो मृत्यू मागे घेतला. परंतु मागे घेताना कर्कला मुलगा आणि जहाज दोन्ही गमवावी लागतात. परतीचे मूल्य चुकवावे लागते. येथे लाभ आणि हानी शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचा हिशेब मांडणे हे समीक्षेचे काम आहे. ‘स्टार ट्रेक’ला दुसरा क्रमांक दिल्याने तो मांडला जात नाही.

वाचकाची रुची समजून घेण्यासाठी मात्र क्रमवारी उपयोगी पडते, हे नाकारता येत नाही. ‘डॉक्टर हू’ला वाहिलेल्या नियतकालिकाने घेतलेल्या कौलांत १९९८मध्ये ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ (१९७५), २००९मध्ये ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ (१९८४) आणि २०१४मध्ये ‘द डे ऑफ द डॉक्टर’ (२०१३) या कथा पहिल्या आल्या. पन्नासाव्या वर्धापनदिनाची कथा प्रक्षेपणानंतर थोड्याच महिन्यांत सर्वोच्च ठरली, यातून तिच्या गुणांइतकाच त्या उत्सवाचा प्रभाव दिसतो. शिवाय २००९च्या कौलात तोवरच्या सर्व दोनशे कथांना क्रम मिळाला. त्यांत अशाही कथा होत्या, की ज्यांची चित्रमुद्रणे साठच्या व सत्तरच्या दशकांत पुसली गेली आणि ज्या मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पडद्यावर पाहिलेल्या नव्हत्या. ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, कादंबरीरूप आणि ऐकीव कीर्ती यांच्या आधारे त्यांचे स्थान ठरले. येथे क्रमवारीचा खरा विषय दृष्टीस पडतो. क्रम लावला जातो तो वाचकाच्या त्या विश्वाशी असलेल्या संबंधाचा : त्याने त्यात घालविलेल्या काळाचा, स्मृतीचा आणि निष्ठेचा. स्वागताच्या इतिहासासाठी ही सामग्री मोलाची आहे. मूल्यनिर्णय म्हणून ती वाचली की घोटाळा होतो.

५

मराठीच्या संदर्भात या भेदाला एक विशेष महत्त्व आहे. मराठी विज्ञानकथा प्रामुख्याने स्वतंत्र कथेच्या रूपात वाढली. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेवर ‘नारायण विनायक जगताप’ असे लेखकाचे नाव होते. ते जयंत नारळीकर यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून घेतलेले टोपणनाव होते, हे नंतर प्रसिद्ध झाले. आपल्या ख्यातीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागील हेतू होता. नाव झाकून कथा पुढे करण्याची ही कृती फ्रँचायझीच्या नेमकी उलट आहे. फ्रँचायझीत नाव आधी पोहोचते आणि कृती त्याच्या आश्रयाने येते. येथे कृती आधी वाचली गेली आणि नाव मागून आले. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथाही बव्हंशी आपापल्या शेवटापाशी संपतात. मालिका-विश्वांच्या क्रमवारीत या साहित्याला जागाच असू शकत नाही आणि याचे कारण गुणवत्तेचा अभाव हे नव्हे. ते विस्तारत नाही, हे आहे. ज्या विद्यार्थ्याची विज्ञानकथेची कल्पना अशा याद्यांवर पोसली जाईल, त्याला ही अनुपस्थिती उणीव वाटेल. ती उणीव नाही, तो वेगळा साहित्यप्रकार आहे, हे सांगण्याची जबाबदारी समीक्षेवर आहे.

तेव्हा मालिकांची क्रमवारी लावू नये, असे म्हणण्याचे कारण नाही. वाचक ती लावणारच आणि त्याच्या आवडीला कारणे द्यावीशी वाटतात, ही मूल्यविचाराला अनुकूल अशीच गोष्ट आहे. समीक्षेने मात्र त्या यादीसमोर दोन प्रश्न ठेवावेत. या नावाखाली नेमक्या कोणत्या कृती अभिप्रेत आहेत? आणि नंतरच्या भागाने आधीच्या भागाचा अर्थ वाढविला, की केवळ कथानक? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागताच ‘स्टार वॉर्स’ वर की ‘स्टार ट्रेक’ वर, हा वाद मागे पडतो आणि त्या विश्वांच्या आत, एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंतच्या अंतरात, उत्तमाचे आणि अधमाचे भेद दिसू लागतात. कविगणना करणाऱ्या सुभाषितकाराने दुसरे बोट रिकामे ठेवले, कारण त्याला काय मोजावयाचे ते ठाऊक होते. दहाही जागा भरण्याची घाई असलेल्या क्रमवारीला हे अद्याप शिकावयाचे आहे.